टॉवेलखालचा भागाकार

दशांश अपूर्णांकांच्या भागाकाराने माझं जितकं रक्त आटवलं आहे, तितकं माझ्या सासूबाईंनीही आटवलेलं नाही, आणि सासूबाई काही कमी नाहीत. मी नीलांबरी, सावेडीहून रोज अपडाऊन करणारी जिल्हा परिषदेची शिक्षिका. घोडेगावच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की एक लहान गाव लागतं. तिथल्या शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवते. माझा राग नाकावर असतो असं आमचे मुख्याध्यापक रविकांत सर म्हणतात. ते खरं आहे. पण सातवीतलं पोर ८.३२ भागिले ८ चं उत्तर एकशे चार काढतं आणि वर ‘बरोबर ना मॅडम?’ म्हणून हसतं, तेव्हा ज्याला राग येत नाही त्याची प्रकृतीच एकदा तपासून घ्यायला हवी.

खेळातून शिकवा, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. चहा-बिस्किटांच्या मध्ये सांगतात आणि निघून जातात. मी मात्र ते मनावर घेतलं होतं. आधी मी घरच्या प्रिंटरवर भागाकाराचे पत्ते छापले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवले, कडांना रंगीत टेप लावला. दुसऱ्या दिवशी पोरं मधल्या सुट्टीत त्या पत्त्यांची रमी खेळत होती. मग मी शर्यत लावली. फळ्याचे दोन भाग, दोन गट, रांगेतल्या पहिल्याने भाग लावायचा, दुसऱ्याने गुणाकार, तिसऱ्याने वजाबाकी, चौथ्याने पुढचा अंक खाली आणायचा आणि पळत मागे जायचं. पोरांना ही शर्यत भलतीच आवडली. पळण्यात ती तरबेज झाली. भागाकार होता तिथेच राहिला.

या शर्यतीत धनश्री माझ्या डोळ्यात भरली. धनश्री सातवीतली, दोन वेण्या, अक्षर छापल्यासारखं. तिची पाळी आली की ती खडू हातात धरून मागे वळायची आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचा अंक लिहायची. पंकज ‘चार!’ ओरडला की चार. दुसरं कोणी त्याच्यापेक्षा मोठ्यांदा ‘सहा!’ ओरडलं की ती चार पुसून सहा लिहायची. दोन्ही चुकीचे असले तरी तिची काही तक्रार नसायची.

मग मी तिच्याकडे नीट लक्ष द्यायला लागले, तर सगळीकडे तेच. धनश्री, खडू आण. व्हय मॅडम. धनश्री, तुझी वही दे. घे. धनश्री, आज माझ्याऐवजी तू वर्ग झाड. बरं. खिचडीच्या रांगेत तिच्यापुढे चार जण घुसायचे आणि ती त्यांना सरकून जागा करून द्यायची. आम्हा शिक्षकांना असं पोर फार सोयीचं वाटतं. सहावीच्या प्रगतिपुस्तकात मीच ‘नम्र व आज्ञाधारक’ असं लिहिलं होतं. पण आता मला तिची काळजी वाटायला लागली होती, कारण ही मुलगी सगळ्या जगाला ‘हो’ म्हणत निघाली होती आणि जगाचा मला बऱ्यापैकी अनुभव आहे.

तर शुक्रवार उजाडला. शुक्रवार म्हणजे घोडेगावचा जनावरांचा बाजार. कोणाच्या घरची शेळी विकायची असते, कोणाला वासरू घ्यायचं असतं, आणि पोरांना काही कारण नसतं तरी जायचं असतं. त्या दिवशी सातवीच्या वर्गात पाच डोकी होती. मी भागाकाराचा तास घ्यायला उभी, आणि समोर पाच डोकी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या सुट्टीत मी रविकांत सरांची स्कूटी मागून घेतली आणि पोरांना कान धरून आणायला थेट बाजारात गेले.

बाजारात धुरळा, हंबरणं, टेम्पोंचे हॉर्न आणि भज्यांचा वास. त्या गर्दीत पंकज सापडला. कान धरणार तोच माझं लक्ष त्याच्या समोर चाललेल्या प्रकाराकडे गेलं. एक म्हैस, तिच्याशेजारी दोन माणसं. दोघांनी हातात हात दिलेला आणि त्या हातांवर टॉवेल टाकलेला. बोलत कोणीच नव्हतं. एक जण मान हलवत होता, दुसरा गालात हसत होता, आणि टॉवेलखाली काहीतरी वळवळत होतं. त्यातला एक ओळखीचा निघाला. धनश्रीचे वडील वैजनाथ. ते या बाजारात दलाली करतात, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये राहून सौदा जुळवून देतात.

“हे काय चाललंय रे?” मी पंकजला विचारलं. कान धरायचा राहून गेला.

“सौदा, मॅडम. तोंडानं बोलायचं न्हाई. बोटं दाबायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. आख्खा पंजा धरला की पाच. पाचाच्या म्होरं पंजा आन वर बोटं.”

“आणि एक म्हणजे एक काय? शंभर, हजार, का दहा हजार?”

पंकजने माझ्याकडे दयेने पाहिलं. “ते जनावर बघून कळतंय की मॅडम. शेळीचं बोट आन म्हशीचं बोट सारखं आसतंय व्हय?”

मी तिथेच उन्हात उभी राहिले. गेल्या वर्षापासून मी घसा कोरडा करून हेच सांगत होते. आधी बघा, उत्तर साधारण केवढं येणार. आठाच्या आसपासच्या संख्येला आठाने भागताय, तर उत्तर एकाच्या आसपास येणार, एकशे चार कुठून येईल? अंक नंतर काढा. पोरं माना डोलवायची आणि एकशे चार लिहायची. आणि इथे हीच पोरं जनावर बघून दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते न चुकता सांगत होती. मला इतका आनंद झाला की मी पंकजला रागावायचंच विसरले आणि परत जाताना त्याला स्कूटीवर मागे बसवून नेलं.

सोमवारी मी घरून टॉवेल आणले. मुलींच्या जोड्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. जोडीपुढे पाटीवर एक उदाहरण. पहिला नियम, आधी जनावर बघायचं, म्हणजे उत्तर दहांत येणार, एकांत येणार की एकापेक्षाही कमी, ते मोठ्याने सांगायचं. दुसरा नियम, त्यानंतर तोंड बंद. भाग कितीचा जातो ते टॉवेलखाली एकमेकांच्या बोटांवर सांगायचं. पटलं तर दाबून कळवायचं, नाही पटलं तर आपला अंक द्यायचा. दोघांचं जुळलं की मगच पाटीवर लिहायचं.

वर्ग इतका शांत झाला की रविकांत सर दारातून डोकावून गेले. आज कोणी आलंच नाही की काय, अशी त्यांना शंका आली होती. पोरं डोळे मिटून, भुवया उडवून, गालात हसत भागाकार करत होती. आणि धनश्री! टॉवेलखाली ओरडणारं कोणी नव्हतं. तिची जोडीदार दीपा आधी बोट द्यायला घाबरायची, त्यामुळे धनश्रीलाच आधी द्यावं लागायचं. ७.३८ भागिले ६. एक. मग दोन. मग तीन. एक पूर्णांक तेवीस शतांश. पोरीला सगळं येत होतं. इतके दिवस तिने दुसऱ्यांच्या चुका आपल्या सुंदर अक्षरात लिहिल्या होत्या.

आठवडाभर मी हवेत होते. मग चाचणी घेतली आणि धाडकन जमिनीवर आले. ८.३२ भागिले ८. सबंध वर्गाने एक पूर्णांक चार दशांश लिहिलं होतं. सबंध वर्गाने! ज्यांना पूर्वी हे जमत होतं त्यांनीसुद्धा. आठाला आठाचा भाग एकदा गेला. मग तीन खाली आणले, तीनाला आठाचा भाग जात नाही, तिथे शून्य द्यायचं आणि मग दोन खाली आणून बत्तीसला चार. एक पूर्णांक चार शतांश. मधलं शून्यच सगळ्यांनी खाल्लं होतं. मी वह्या टेबलावर आपटल्या आणि विचारलं, शून्य कुठे गेलं तुमचं?

“मॅडम,” पंकज म्हणाला, “टॉवेलखाली शून्याला बोटच न्हाई. शून्याला कोन जनावर मागतंय?”

मी खुर्चीत बसले. खरंच होतं. बाजाराच्या त्या बोलीत शून्य असायचं कारणच नव्हतं, आणि मी ती बोली जशीच्या तशी उचलून वर्गात आणली होती. पोरांनी तीन खाली आणले, भाग जाईना, टॉवेलखाली सांगायला काही नव्हतं, म्हणून ती पुढच्या अंकावर गेली. चूक मी शिकवली होती आणि पोरं ती मन लावून शिकली होती.

शून्याला खूण शोधायला हवी होती. मूठ म्हणावी तर तिची पंज्याशी गल्लत व्हायची. शेवटी मी म्हटलं, “भाग जात नसेल तर हात सोडायचा. शून्य लिहायचं, पुढचा अंक खाली आणायचा आणि परत हात धरायचा.”

पोरांचे चेहरे पडले. “बाजारात हात सोडला म्हंजी सौदा मोडला,” पंकज म्हणाला. “मानसं चिडत्यात, मॅडम.”

“इथे बाजार नाही. आणि कोणी चिडलं तर माझ्याकडे पाठव.”

हळूहळू पोरं सरावली. पंकज तर हात असा झटकायचा की त्याचा जोडीदार बाकावरून पडता पडता वाचायचा. फक्त धनश्रीला ते जमेना. शून्याची जागा आली की ती दीपाचं एक बोट हळूच धरून ठेवायची. मी शेजारी जाऊन बसले.

“आठाने तीनाला भाग जातो का?”

“न्हाई मॅडम.”

“मग हात का सोडला नाहीस?”

तिने दीपाकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तिला काय वाटंल?”

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले असताना वैजनाथ शाळेत आले. पांढरा शर्ट, खांद्यावर तोच टॉवेल. सरळ ऑफिसात येऊन त्यांनी धनश्रीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. नगरकडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत त्यांनी तिच्यासाठी जागा बघितली होती. दिवाळीनंतर ती तिकडे जाणार. रविकांत सरांचा चेहरा उतरला. आमच्या शाळेत एक पोर कमी होणं म्हणजे काय, ते पट मोजणाऱ्यालाच कळतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“अचानक असं का?” मी विचारलं.

“आचानक न्हाई. इचार हुताच,” वैजनाथ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण हात खांद्यावरच्या टॉवेलवर गेला. “परवा घरी गेलो तर पोरगी आजीच्या हातावर टॉवेल टाकून बसलेली. म्हनली, शाळंत शिकवलं. मॅडम, मी उन्हातान्हात लोकाच्या बोटाला बोट लावतो. टॉवेलखाली मानसं कशी फशिवत्यात ते मला म्हायती हाय, आन मीबी काय साधू न्हाई. पोरीच्या हाताला त्यो टॉवेल लागू नये म्हनून शाळंत घातली, तर तुमी हितं बाजारच मांडला.”

मला लागलं. पण राग येईना, कारण त्या माणसाच्या बोलण्यात खोट नव्हती. “खेळ आहे तो. भागाकाराचा,” एवढंच मी म्हणाले.

त्यांनी धनश्रीला बोलावलं. ती दारात येऊन उभी राहिली.

“तिकडं जायचं ना, बाळा? मोठी शाळा हाय, समदं इंग्लिशमधून.”

“व्हय, पप्पा.”

मी न राहवून मध्ये पडले. “धनश्री, तुला इथे आवडतं ना? इथेच राहायचंय ना तुला?”

“व्हय, मॅडम.”

रविकांत सरांनी कपाळाला हात लावला. वैजनाथ माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. ती दारात उभी होती. दोघांनाही हवं ते उत्तर देऊन झालं होतं आणि आता जाऊ का, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. तिला कुठे जायचं आहे हे तिच्या बापाला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, आणि बहुधा तिला कोणी कधी असं विचारलं नव्हतं की उत्तर देण्याआधी तिला स्वतःशी विचार करावा लागेल. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शाळेच्या पटाचं काही पडलं नव्हतं. ती जाते की राहते याचंही नाही. ती जे करेल ते तिने ठरवून करावं, इतकंच मला वाटत होतं.

“शनिवारी सकाळची शाळा असते,” मी वैजनाथांना म्हणाले. “एकदा येऊन खेळ बघा. नाही पटला तर दाखला मी स्वतः लिहून देते.”

“बघतो,” ते म्हणाले. मला वाटलं नव्हतं, पण शनिवारी ते वेळेच्या आधी आले.

वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी दोन-तीन जोड्यांचा खेळ बघितला. पंकजने हात झटकल्यावर ते एकदम ताठ झाले. मी त्यांना समजावलं की हात सोडणं म्हणजे इथे शून्य. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग उठले, पुढे आले आणि धनश्रीसमोर बसले. “मीबी सातवी शिकलोय, मॅडम. घाला गनित. बघू तुमचा बाजार.”

मी फळ्यावर लिहिलं, २१.३५ भागिले ७. वैजनाथांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि दोघांच्या हातांवर टाकला. सगळी पोरं बाकं सोडून भोवती जमली. मी त्यांना हुसकावलं नाही.

“जनावर?” मी विचारलं.

“एकातलं,” धनश्री हळूच म्हणाली. “तीनच्या आसपास.”

टॉवेल हलला. पहिला अंक जुळायला वेळ लागला नाही. तिने पाटीवर तीन लिहिलं, पुढे दशांश चिन्ह दिलं आणि दशांशाचे तीन खाली आणले. मग वैजनाथांचा हात टॉवेलखाली सरकला. त्यांनी तिचा आख्खा पंजा धरला. पाच. तीन आणि पाच दोन्ही एकदम उतरवून पस्तीसला सात पंचे, बाजारातल्या माणसाचा हिशोब असाच धावतो. त्यांना खात्री होती. त्यांनी पंजा दाबला आणि मुलीने दाबून ‘पटलं’ म्हणावं, याची वाट बघत बसले.

धनश्री पाटीकडे बघत होती. तिने दाबलं नाही. त्यांनी परत दाबला. टॉवेल तेवढा हलला. मला तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी ओठ घट्ट मिटून ठेवले, कारण या पोरीला ओरडून सांगणारे आतापर्यंत पुष्कळ झाले होते. तिचा खांदा मागे झाला. बापाची पकड मोठी होती, तिला हात ओढून काढावा लागला. टॉवेल खाली पडला.

“पप्पा, आधी शून्य हाय,” ती म्हणाली. “नुसत्या तीनाला सातानं भाग जात न्हाई. पाच बरूबर हायेत, पन मागून.”

वैजनाथांचा मोकळा हात तसाच अधांतरी राहिला. एवढ्या वर्षांत बाजारात कितीजणांनी त्यांचा हात सोडला असेल, पण तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला नसणार. तिने शून्य लिहिलं, टॉवेल उचलून परत हातांवर घातला आणि स्वतःहून त्यांचा पंजा धरला. तीन पूर्णांक पाच शतांश.

त्यांनी पाटी उचलली, साताने गुणून बघितलं. ओठ हलत होते. पाटी खाली ठेवली. मग वर न बघता म्हणाले, “तिकडं जायचंय का तुला? खरं सांग.”

या वेळी ती लगेच बोलली नाही. फार वेळ लागला तिला. पंकज काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “तितं झोपायला तुमी नसनार, आजी नसनार. मला हितं सातवी पुरी करायचीय.”

“आन मंग त्या दिवशी व्हय का म्हनलीस?”

“तुमी इचारलं न्हाई, पप्पा. तुमी सांगितलं.” मग ती माझ्याकडे वळली. “मॅडमनी बी.”

पोरं हसली. मला हसू आलं नाही. वैजनाथांनी टॉवेलची घडी घातली, ती मोडून परत घातली आणि खांद्यावर टाकली. दारात रविकांत सर उभे होते, त्यांना ते म्हणाले, “दाखल्याचं राहू द्या सर, यंदा. म्होरचं म्होरं बघू.” निघताना त्यांनी फळ्यावरच्या भागाकाराकडे एकदा वळून बघितलं.

त्या दुपारी परतीच्या गाडीत माझे पाय जमिनीवर नव्हते. बरोबरच्या शिक्षिकांना मी तीनदा सगळं सांगितलं. घरी सांगितलं. सासूबाईंना सांगितलं. शेवटी केंद्रप्रमुखांना फोन लावला. पुढच्या आठवड्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र जमणार होते. तिथे मी हा खेळ करून दाखवते, म्हणाले. माझ्याबरोबर माझी विद्यार्थिनी धनश्री असेल. साहेब खूश झाले. मी धनश्रीचं नाव यादीत घालायलाही सांगून टाकलं.

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या मी तिला उभं केलं. “उद्या परिषदेला तू आणि मी जायचं. सगळ्या शिक्षकांसमोर आपण टॉवेलचा खेळ करून दाखवू. तू सांगायचंस, शून्याला हात कसा सोडायचा ते. येशील ना?”

“न्हाई, मॅडम,” धनश्री म्हणाली.



“का गं?”

“तितं लई लोक बघत बसत्याल. शनिवारी पप्पांसाठी केलं. तसंच परत सगळ्यांम्होरं करायचं न्हाई मला.”

“अगं, मी साहेबांना तुझं नाव देऊन बसलेय.”

ती घाबरली. मला ते स्पष्ट दिसत होतं. बोटं वेणीच्या टोकाशी गेली, नजर खाली गेली. पण ती ‘बरं’ म्हणाली नाही.

मला राग आला, आणि अपमानही वाटला. हिच्यासाठी मी तिच्या बापासमोर उभी राहिले. खेळ माझा, कल्पना माझी, आणि ही दोन वेण्यांची पोर साऱ्या वर्गासमोर मला नाही म्हणते! मी तिच्याकडे बघत उभी राहिले. माझी ती नजर सातवीला चांगली ठाऊक आहे. आणखी थोडा वेळ मी अशीच बघत राहिले असते तर ती ‘व्हय’ म्हणाली असती. हे मला पक्कं कळत होतं. तिचं ‘न्हाई’ अजून दोन दिवसांचं होतं, माझ्या डोळ्यांपुढे ते टिकलं नसतं. आणि परिषद छान झाली असती.

“बस खाली,” मी म्हणाले. “साहेबांना मी सांगते.”

मी फळ्याकडे वळले. शनिवारचा भागाकार कोणी पुसला नव्हता. मी तो सावकाश पुसला, स्वच्छ झाला तरी पुसत राहिले, कारण मला वाईट वाटलं होतं आणि ते पोरांना दिसायला नको होतं. मागे धनश्री अजून उभीच होती. मी खरंच सोडलं का, याची तिला खात्री नसावी. मग बाकाचा आवाज झाला, ती बसली, आणि मी खडू उचलून नवीन उदाहरण लिहायला लागले.